सराव न बघणाऱ्यांनी निकालावर बोलू नये

अमेरिकी फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, असं वेळापत्रक सांगतं. वेळापत्रकावर विश्वास ठेवू नका. हंगाम सुरू होतो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ट्रेनिंग कॅम्पच्या मैदानावर, जिथे गुण मोजले जात नाहीत आणि कोणी जिंकत-हरत नाही. पहिल्या फळीत कोण खेळणार, कोणाचा गुडघा डिसेंबरपर्यंत टिकणार नाही, कोणत्या प्रशिक्षकाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा, हे सगळं तिथे ठरतं. पुढचे पाच महिने आपण बघतो ती त्या निर्णयांची अंमलबजावणी.

मी बाल्टिमोर रेव्हन्सची चाहती आहे आणि मेरीलँडमध्ये राहते. ओविंग्ज मिल्सला रेव्हन्सचा सराव चालू झाला की रोज रात्री त्या दिवसाचे वृत्तांत वाचल्याशिवाय मी झोपत नाही. इथल्या मराठी मंडळींत हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: "वहिनी, त्या सरावाला काय अर्थ असतो? सामने सुरू झाले की बघायचं." हे सांगणारे बहुतेक जण वर्षभर एकही सामना धड बघत नाहीत. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, निमित्ताने जमतात, खातात, जाहिरातींवर चर्चा करतात आणि हरलेल्या क्वार्टरबॅकला अक्कल शिकवून घरी जातात. अज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही. खेळ गुंतागुंतीचा आहे, सगळ्यांना कळायलाच हवा असं नाही. तक्रार आहे ती अज्ञानाला शहाणपणाचा आव आणण्याबद्दल. "प्रीसीझनला काही अर्थ नसतो" हे वाक्य या लोकांनी कुठूनतरी उचललंय आणि ते फेकलं की आपण जाणकार ठरतो, असा त्यांचा समज आहे.

आधी हिशेब बघा. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येक संघ कॅम्पला ९० खेळाडू घेऊन उतरतो आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यातले ५३ ठेवतो. म्हणजे २,८८० जण येतात आणि १,६९६ उरतात. बाकी १,१८४ जणांची नावं यादीतून जातात. पूर्वी ही कपात टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३पासून ९०वरून ५३वर एकाच फटक्यात यायचं असतं, ऑगस्टमधल्या शेवटच्या मंगळवारी दुपारी चारच्या आत. काहींना सराव पथकात जागा मिळते, पण तिथेही जागा मोजक्याच. उरलेल्यांपैकी कित्येकांचं फुटबॉल त्या दुपारी कायमचं संपतं. शाळेपासून ज्या एका गोष्टीसाठी हाडं झिजवली, ती गोष्ट बावीस-तेविसाव्या वर्षी हातातून जाते. आणि ती जाते पाचेक आठवड्यांतल्या सरावावरून. ज्या काळात हजारावर माणसांचं आयुष्य ठरतं त्या काळाला "काही अर्थ नसतो" म्हणणारा माणूस खेळाचा चाहता नाही. तो सणापुरता आलेला पाहुणा आहे.

आता त्यांच्या मुद्द्यातल्या अर्ध्या खऱ्या भागाकडे वळू. ऑगस्टमध्ये टीव्हीवर दिसणाऱ्या सराव सामन्यांच्या निकालाला खरंच किंमत नसते. डेट्रॉइट लायन्सने २००८ मध्ये चारही सराव सामने जिंकले आणि मग हंगामातले सोळाच्या सोळा सामने हरले. क्लीव्हलँड ब्राउन्सने २०१७ मध्ये हेच केलं: सरावात चार विजय, हंगामात सोळा पराभव. माझ्या रेव्हन्सचं तर विचारूच नका. २०१६ ते २०२३ या काळात त्यांनी ओळीने २४ सराव सामने जिंकले. व्हिन्स लोम्बार्डींच्या ग्रीन बे पॅकर्सचा जुना विक्रम मोडला. ती मालिका ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टनने २९–२८ असा सामना जिंकून संपवली. त्या सगळ्या वर्षांत रेव्हन्सच्या हाती सुपर बोल एकदाही लागला नाही. २०२१ मध्ये तर सरावातले तीनही सामने जिंकून संघाने हंगाम ८ विजय आणि ९ पराभवांवर संपवला आणि गटात तळाला गेला.

पण यावरून निष्कर्ष काय निघतो? सराव सामन्याचा निकाल खोटा असतो, एवढाच. सराव खोटा असतो, असा नाही. या दोन गोष्टींची गल्लत करणाऱ्यांनी कधी विचार केला आहे का, की सामन्याचा निकाल खोटा का असतो? कारण त्यात खरे खेळाडू खेळतच नाहीत. लॉस एंजेलिस रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅकवे २०१८पासून आपल्या मुख्य खेळाडूंना सराव सामन्यांत जवळपास उतरवतच नाहीत. बाकीच्या अनेक प्रशिक्षकांनीही कमी-अधिक प्रमाणात तीच वाट धरली आहे. टीव्हीवर तुम्हाला दिसतात ते पुढच्या मंगळवारी घरी जाणार असलेले खेळाडू. आणि तरीही मॅकवेंच्या रॅम्सनी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल जिंकला. मग तो संघ तयार कुठे झाला? सामन्यांत नाही. सरावाच्या मैदानावर झाला, जिथे पहिली फळी पहिल्या फळीशी भिडते आणि दोन क्लब एकत्र येऊन दिवस-दिवस संयुक्त सराव करतात. त्या मैदानावर टीव्हीचं प्रक्षेपण सहसा नसतं. तिथे काय घडलं हे रोज कळण्याचा मुख्य मार्ग असतो: कुंपणाशी उभं राहून वहीत टिपणाऱ्या वार्ताहराचा वृत्तांत. म्हणजे मुख्य खेळाडू सराव सामन्यांतून जसजसे बाहेर गेले तसतशी सरावाच्या वृत्तांताची किंमत वाढली. जुनं वाक्य घोकत बसलेल्यांना हा बदल दिसलेलाच नाही.

त्याच २०२१ ची गोष्ट पुढे नेते. चेंडू घेऊन धावणारा रेव्हन्सचा खेळाडू जे. के. डॉबिन्स याचा गुडघा शेवटच्या सराव सामन्यात गेला. त्यानंतर, पहिल्या सामन्याला चार दिवस उरले असताना, गस एडवर्ड्स आणि मार्कस पीटर्स या दोघांचे गुडघे एकाच दिवशीच्या सरावात गेले. हंगामाचा पहिला चेंडू फेकला जाण्याआधीच संघाचा धावण्याचा कणा आणि बचावाचा एक खांब मोडला होता. डिसेंबर-जानेवारीत संघ ओळीने हरायला लागला तेव्हा "अचानक काय झालं यांना?" असं विचारणारे भेटले. अचानक काहीच झालं नव्हतं. नऊ सप्टेंबरला झालं होतं, सरावात झालं होतं आणि छापूनही आलं होतं. तुम्ही वाचलं नव्हतं.

चमत्कारांचंही तसंच. अमेरिकी फुटबॉलमध्ये "कुठून आला हा?" असं ज्यांच्याबद्दल विचारलं गेलं, त्यातले किती तरी जण ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. टॉम ब्रॅडी २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, १९९ वा निवडला गेला, हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. सप्टेंबर २००१ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला आणि ब्रॅडी मैदानात आला, हेही पाठ आहे. यांच्यामधली पायरी कोणी सांगत नाही. २००१ च्या कॅम्पमध्ये राखीव क्वार्टरबॅकच्या जागेसाठी ब्रॅडीने डेमन हुआर्डला मागे टाकलं होतं. हुआर्डला ब्रॅडीच्याच क्लबने त्याच वर्षी मायामीतून मुद्दाम आणलं होतं. ऑगस्टमधली ती चढाओढ ब्रॅडी हरला असता तर ब्लेडसोच्या जागी हुआर्ड उतरला असता. तो इतिहास ऑगस्टमध्ये वळला. सप्टेंबरात त्याची फक्त घोषणा झाली.

क्वार्टरबॅक रसेल विल्सन २०१२ मध्ये ७५ वा निवडला गेला. सिअॅटल सीहॉक्सने त्याच वर्षी मॅट फ्लिनला करारबद्ध केलं होतं, आणि तोच खेळणार हे बाहेरच्या जगाने गृहीत धरलं होतं. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी कॅम्पमध्ये जागा खरोखर खुली ठेवली, उंचीने कमी म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या नवख्याने ती जिंकली आणि दुसऱ्याच हंगामाच्या शेवटी सीहॉक्सने डेन्व्हरला ४३–८ असं चिरडून सुपर बोल नेला. कर्ट वॉर्नरची कथा तर सिनेमाइतकी गाजली. आयोवात किराणा दुकानाच्या फळ्या भरणारा हा माणूस १९९९ मध्ये सेंट लुइस रॅम्सचा राखीव क्वार्टरबॅक होता. ऑगस्टमधल्या सराव सामन्यात ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि वॉर्नरला जागा मिळाली. त्याच हंगामात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोलही जिंकला. लोक याला नशीब म्हणतात. नशीब ग्रीनच्या गुडघ्यापुरतं होतं. वॉर्नर त्या जागेसाठी तयार होता, ही तयारी सरावातली होती.

हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागू नये. शिवाजी पार्कवर आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे, तेव्हा नेटमागे उभे राहून शाळकरी सचिनला बघणाऱ्या माणसांचा आपल्याला आजही हेवा वाटतो. "आम्ही त्याला नेटमध्ये बघितलंय" हे वाक्य म्हातारी माणसं पदकासारखं मिरवतात. त्या माणसांना आपण जाणकार म्हणतो, कारण जगाने नाव घेण्याआधी त्यांनी काम बघितलं. मग तोच जाणकारपणा दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या खेळाबाबत वेळेचा अपव्यय कसा ठरतो? तुमच्या आवडीचा खेळ असला की साधना आणि माझ्या आवडीचा असला की खूळ, हा न्याय मला मान्य नाही.

आता दुसऱ्या टोळीकडे येते. ही टोळी पहिलीपेक्षा जास्त घातक आहे, कारण ती सरावाबद्दल रात्रंदिवस बोलते आणि त्यातलं खरं काही सांगत नाही. एका हाताने पकडलेल्या चेंडूची दहा सेकंदांची चित्रफीत पसरवणारे, "आयुष्यातल्या सर्वोत्तम तंदुरुस्तीत आहे" हे दर वर्षी दर खेळाडूबद्दल छापणारे, पैज लावणाऱ्यांना आणि फँटसी लीगवाल्यांना दर तासाला नवं नाव विकणारे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना क्रीडा सट्टेबाजी कायदेशीर करण्याची मोकळीक दिल्यापासून या धंद्याला ऊत आला आहे. यांना संघ कसा घडतोय याच्याशी कर्तव्य नाही. त्यांना पाहिजे आज रात्री विकता येईल अशी उत्तेजना.

आणि क्लबही हेच पिकवतात. एचबीओची 'हार्ड नॉक्स' ही कॅम्पवरची मालिका २००१ मध्ये सुरू झाली, पहिलाच संघ माझा रेव्हन्स होता. चित्रीकरण देखणं आहे, काही प्रसंग मनाला भिडतात, हे मी नाकारत नाही. पण काय दाखवायचं नाही हे सांगण्याचा अधिकार क्लबला असतो, हे विसरून ती बघू नका. २०२३ मध्ये ही मालिका न्यू यॉर्क जेट्सच्या कॅम्पला गेली. पडद्यावर होता क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स आणि त्याच्याभोवती विणलेलं स्वप्न. त्याच वेळी जेट्सच्या सरावाचे रोजचे वृत्तांत वाचणाऱ्यांना वेगळीच चिंता दिसत होती: रॉजर्सच्या पुढे उभी राहणारी पाच जणांची संरक्षक फळी. कोण कुठे उभा राहणार हे बराच काळ ठरत नव्हतं आणि अडतिशीला टेकलेला डावा टॅकल ड्वेन ब्राउन खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर उशिरा सरावाला लागला होता. ११ सप्टेंबरला पहिल्या सामन्यात, चौथ्याच चालीत, ब्राउनच्या बाजूने आलेल्या लिओनार्ड फ्लॉइडने रॉजर्सला पाडलं. रॉजर्सच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला आणि त्याचा हंगाम संपला. दुखापत कोणाला आधी सांगता येत नाही, आणि कोणी सांगावी अशी माझी अपेक्षाही नाही. पण तो संघ कुठे कच्चा होता हे सांगता येत होतं. ते वहीवाल्या वार्ताहरांनी सांगितलं. कॅमेऱ्याने स्वप्न विकलं.

म्हणून सराव कसा वाचायचा हे शिकावं लागतं. मी जे वाचते ते सांगते. कोण कोणाबरोबर उभा राहिला हे पहिलं. एका दिवसाचं नाही, सलग तीन-चार दिवसांचं. नवा गार्ड एक दिवस पहिल्या फळीत दिसला तर तो प्रयोग असतो, चार दिवस दिसला तर तो निर्णय असतो. दुसरं, कोण दिसला नाही. बाजूच्या मैदानावर फिजिओबरोबर एकटा धावणारा खेळाडू ही बातमी असते, मग क्लब त्याला कितीही "खबरदारी" म्हणो. तिसरं, अंगावर पॅड आहेत का. नियमानुसार पहिले काही दिवस पॅडशिवाय सराव होतो. त्या दिवसांत चेंडू पकडणारे सगळेच देवासारखे भासतात, कारण त्यांना कोणी आदळत नाही. धष्टपुष्ट लाइनमनची परीक्षा पॅड चढल्यावरच सुरू होते. चौथं, चाल सात विरुद्ध सात होती की अकरा विरुद्ध अकरा. सात-सातच्या सरावात क्वार्टरबॅकवर धावून येणारं कोणी नसतं, त्यामुळे तिथले आकडे छापणाऱ्या वार्ताहराचं पुढचं काही वाचू नका. क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते, त्याला कोणी हात लावायचा नसतो. म्हणून तो खऱ्या सामन्यात पडला असता की नाही हे डोळे शाबूत असलेल्या साक्षीदारानेच सांगावं लागतं.

पाचवं, पंट आणि किकऑफच्या पथकात कोण धावतंय. यादीतल्या शेवटच्या आठ-दहा जागा तिथे ठरतात आणि तिथे कोणाचंच लक्ष नसतं. आणि दोन गोष्टींना शून्य किंमत द्या. एक, पत्रकार परिषदेत प्रशिक्षकाने केलेली स्तुती. ज्याला काढायचंय त्याचीही ते स्तुती करतात. दुसरी, ऑगस्टच्या सुरुवातीला क्लब जाहीर करतो ती "अनधिकृत" क्रमवारी. ती बहुधा जनसंपर्क विभाग तयार करतो. मैदानावर कोण कुठे उभा आहे, यावर विश्वास ठेवा.

क्लबचं बोलणं आणि मैदानावरचं सत्य यांच्यातली दरी २०२५ मध्ये डॅलस काउबॉइजच्या कॅम्पने उघडी पाडली. कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला कॅम्प चालू होता. मायका पार्सन्स हा त्यांचा सर्वोत्तम बचावपटू हजर होता, पण सराव करत नव्हता. न येणाऱ्याला रोज मोठा दंड बसतो, म्हणून असंतुष्ट खेळाडू हल्ली येतात आणि बाजूला उभे राहतात. एक ऑगस्टला त्याने दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी जाहीर केली. मालक जेरी जोन्स मात्र बेफिकिरीने बोलत राहिले आणि त्यांचं बोलणंच मथळ्यात आलं. वार्ताहर रोज एकच ओळ लिहीत होते: पार्सन्सने आजही सराव केला नाही. २८ ऑगस्टला काउबॉइजनी त्याला ग्रीन बेला देऊन टाकलं. मालकाचं ऐकणाऱ्यांना धक्का बसला. ती एक कंटाळवाणी ओळ महिनाभर वाचणाऱ्यांना बसला नाही.

एवढं सगळं मी संघाच्या यशापयशाबद्दल बोलले. माझा खरा मुद्दा याहून मोठा आहे. सरावावर बाहेरच्यांची नजर नसली की माणसं मरतात.

या देशात फुटबॉल सरावाच्या क्रौर्याचे पोवाडे गायले जातात. १९५४ मध्ये प्रशिक्षक बेअर ब्रायंट टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या मुलांना जंक्शन नावाच्या गावी घेऊन गेले. दुष्काळ, रखरखीत ऊन, सरावात पाण्याला मनाई. बरीचशी मुलं पळून गेली, जी टिकली त्यांना पुढे दंतकथेतलं स्थान मिळालं. दंतकथा सांगणारे एक सांगायला विसरतात: त्या वर्षी तो संघ एक सामना जिंकला आणि नऊ हरला. पाणी तोडल्याने कोणी बळकट होत नाही. पण ती दंतकथा आजही प्रशिक्षकांच्या डोक्यात जिवंत आहे, आणि चाहते तिला टाळ्या देतात.

२००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर मँकेटोच्या कॅम्पमध्ये उष्माघाताने कोसळला आणि एक ऑगस्टच्या पहाटे गेला. वय २७. कोसळण्याच्या आदल्या दिवशीच्या सरावात तो दमून वाकलेला असतानाचं छायाचित्र वृत्तपत्रात छापून आलं होतं आणि ते त्याच्या मनाला लागलं होतं. हे मी लपवणार नाही, कारण यात आपला, चाहत्यांचा, दोष आहे. दमलेला जाडजूड खेळाडू ही आपल्याला हसण्याची गोष्ट वाटली. ते छायाचित्र धोक्याचा इशारा म्हणून वाचायला हवं होतं. नजर असणं पुरेसं नाही, नजरेत माणुसकी हवी. २०२२ मध्ये कॅम्पच्या सरावात हेल्मेटवर घालायच्या जाड मऊ टोप्या सक्तीच्या झाल्या, तेव्हाही त्यांची टिंगल झाली. ज्या जागांवरच्या खेळाडूंनी त्या घातल्या, त्यांच्यात मेंदूला धक्का बसण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी घटलं, असं लीगने नंतर सांगितलं. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी हा आकडा वाचला?

आणि मग आमच्या मेरीलँडचा जॉर्डन मॅकनेअर. ओविंग्ज मिल्सच्या मॅकडोना शाळेत शिकला. म्हणजे ज्या गावात आम्ही रेव्हन्सचा सराव बघायला जातो, त्याच गावात तो वाढीच्या वयात खेळला. मेरीलँड विद्यापीठाच्या संघात लाइनमन. २९ मे २०१८ रोजी हंगामाबाहेरच्या व्यायामसत्रात ११० यार्डांच्या धावा काढताना त्याला उष्माघात झाला. त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करायला हवं होतं. ते केलं गेलं नाही. रुग्णवाहिका बोलवायला तासाहून जास्त वेळ गेला. १३ जूनला तो गेला. वय १९.

ते सत्र बाहेरच्या कोणी बघितलं नव्हतं. तिथलं वातावरण कसं होतं हे लोकांना कळलं १० ऑगस्टला, ईएसपीएनच्या वार्ताहरांनी खेळाडूंना आणि माजी कर्मचाऱ्यांना बोलतं केलं तेव्हा. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना रजेवर पाठवलं गेलं. चार दिवसांत विद्यापीठाने कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. चौकशी समितीने "विषारी" हा शब्द वापरायचं टाळलं, पण खेळाडू बोलायला घाबरत होते हे तिने नोंदवलं. ३० ऑक्टोबरला डर्किन यांना परत घेतलं, पण एवढा क्षोभ उसळला की ३१ ऑक्टोबरला काढावं लागलं. पुढे २०२१ मध्ये राज्याने जॉर्डनच्या नावाने कायदा केला. बातमी आली नसती तर यातलं काय झालं असतं? मला तरी यातलं एकही पाऊल विद्यापीठाने आपणहून उचललेलं दिसत नाही.

म्हणून कॉलेजचे संघ आज जे करत आहेत ते मला असह्य होतं. बहुतेक मोठे संघ वार्ताहरांना सुरुवातीची काही मिनिटं आत घेतात, मुलं हातपाय मोकळे करतात तेवढं बघू देतात आणि मग दार लावतात. कारण सांगतात गुप्ततेचं, प्रतिस्पर्ध्याला चाली कळतील म्हणे. चाली छापू नका, अशी अट घालता येते, एनएफएलचे क्लब घालतातच, आणि वार्ताहर ती पाळतात. यासाठी दार लावावं लागत नाही. दार लावलं जातं ते प्रशिक्षकाला कोणी प्रश्न विचारू नये म्हणून. यातली अनेक विद्यापीठं सरकारी आहेत. अनेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा फुटबॉलचा प्रशिक्षक आहे. आमच्या राज्याच्या नावाच्या जर्सीत, आमच्या राज्याच्या मैदानावर, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांशी तो कसा वागतो हे बघण्याचा अधिकार आम्हाला नसेल, तर तो कोणाला आहे?

आणि चाहते याला मान डोलावतात. "प्रशिक्षकाला त्याचं काम करू द्या," म्हणतात. सरावाच्या बातम्यांना काही अर्थ नसतो असं म्हणणाऱ्यांनी दारं लावणाऱ्यांचं काम सोपं केलं आहे. वाचक नाही म्हणून वृत्तपत्र वार्ताहर पाठवत नाही, वार्ताहर नाही म्हणून क्लबची चित्रफीत हीच बातमी ठरते आणि मैदानावर फक्त पगारी माणसं उरतात. तुमची बेपर्वाई निरुपद्रवी नाही. तिची किंमत कोणीतरी दुसरा मोजतो.

फुटबॉलमध्ये उष्माघाताने जे जातात त्यातले बहुतेक जण शाळा-कॉलेजातली मुलं असतात, आणि सर्वांत धोक्याचे असतात ऑगस्टच्या सरावातले पहिले दिवस, अंगाला ऊन सरावलेलं नसतं तेव्हाचे. इथल्या शाळांच्या संघांत आता आपलीही मुलं दिसू लागली आहेत. देशपांडे, पाटील, जाधव ही नावं जर्सीच्या पाठीवर बघून ऊर भरून येतो ना? मग शुक्रवारच्या रात्रीच्या सामन्याला फोटो काढायला जाण्याआधी ऑगस्टमधल्या एका दुपारच्या सरावाला जा. स्थानिक वृत्तपत्राची वर्गणी भरा, म्हणजे तुमच्या संघावर नेमलेला वार्ताहर टिकेल. विद्यापीठाला पत्र लिहा आणि सराव खुला ठेवायची मागणी करा. शाळेच्या कुंपणाशी उभे राहा. पाणी किती वेळाने देतात ते बघा. कोसळलेल्या मुलाला आधी थंड करायचं आणि मग हलवायचं, हा नियम प्रशिक्षकाला माहीत आहे का ते विचारा. बर्फाच्या पाण्याचा टब कुठे ठेवला आहे ते विचारा. तो मैदानालगत, भरलेला दिसेपर्यंत तिथून हलू नका, आणि तुमच्या मुलालाही मैदानात उतरू देऊ नका.